पेटी बदलते, ठेव जपावी लागते

आश्विन अमावास्येला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, व्यापारी घरांत वहीपूजन होते. लाल बांधणीची नवी वही पाटावर ठेवली जाते, पहिल्या पानावर स्वस्तिक रेखाटून ‘श्री’ लिहिली जाते आणि नव्या वीर निर्वाण संवताचा आरंभ होतो. अलीकडे त्या वहीच्या शेजारी संगणकही येऊन बसला आहे. कुंकवाचे बोट त्याच्या पेटीवरही उमटते. हे योग्यच म्हटले पाहिजे. कारण लाल वही बहुतेक घरांत आता पूजेपुरती उरली आहे आणि खरे जमाखर्च, येणे-देणे, मालाचा साठा, कराची विवरणपत्रे हे सारे त्या पेटीत वसते. मात्र पूजा करणाऱ्या हातांना एक गोष्ट क्वचितच ठाऊक असते. हा सगळा संसार पेटीभर पसरलेला नसतो. तो आतल्या तळहाताएवढ्या एका डबीत, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये, साठवलेला असतो. ती डबी केव्हा तरी बंद पडणार, यात शंका नाही. ती कोणत्या दिवशी बंद पडणार, एवढाच काय तो प्रश्न असतो.

सांगली जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी हा प्रश्न महिन्याच्या १४ तारखेला सुटला. तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान. खाली पेढी, वर घर. संगणक वरच्या मजल्यावर, कारण दुपारी स्वयंपाकघराची आवराआवर झाली की हिशेबाचे काम सूनबाई पाहतात. सहा वर्षांचा तो संगणक दोन आठवड्यांपासून कुरकुरत होता. सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे लागत, एखादे बिल उघडताना पडदा गोठून जाई आणि पेटीतून मधूनच ‘टक्, टक्’ असा आवाज येई. घरच्या वडीलधाऱ्या अण्णांनी तो आवाज दोनदा ऐकून विचारले होते. परंतु लग्नसराईचे दिवस असल्यामुळे “बघू नंतर” यावर विषय संपला होता. १४ तारखेच्या सकाळी पडदा निळा झाला तो पुढे सरकेना. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची मुदत २० तारखेची. हाती सहा दिवस होते.

दुरुस्ती करणारा तरुण आला, त्याने आवाज ऐकला आणि नेहमीचा उपाय सांगितला. “फॉरमॅट मारतो, नवी विंडोज टाकतो. संध्याकाळपर्यंत चालू करून देतो.” थोरल्या चिरंजीवांना हे पटले, दुकानात गिऱ्हाईक उभे होते. सूनबाईंना पटले नाही. त्या म्हणाल्या, “अण्णा, संगणक उद्या चालू झाला तरी चालेल. पण आतलं काय काय बाहेर निघतं ते आधी बघू. एकदा पुसलं की मग कुणाला विचारायचं?” अण्णांनी क्षणभर विचार केला आणि तरुणाला सांगितले, “सूनबाई म्हणते तसं कर.”

या एका वाक्याने त्या घराचा पुढचा आठवडा सावरला. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. घरगुती संगणकात त्या सामान्यतः मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेतात. त्यांच्या पृष्ठभागाला स्पर्श न करता, केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावरून, वाचणारे टोक तरंगत असते. ते टोक नेमकी जागा शोधू शकले नाही की मागे येऊन पुन्हा प्रयत्न करते. ‘टक्, टक्’ हा आवाज बहुधा त्याचाच असतो. अशा अवस्थेतील डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे, तिच्यावर दुरुस्तीच्या आज्ञा चालवणे किंवा तिच्यावरच नवी विंडोज चढवणे म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जिने चढायला लावण्यासारखे आहे. तिच्यात जो काही जीव उरला असेल, तो प्रत काढण्यासाठीच खर्च झाला पाहिजे.

प्रत काढण्याचाही क्रम असतो. तरुणाने डिस्क पेटीतून काढली आणि जोडणीच्या एका साधनाने ती आपल्या लॅपटॉपला लावली. मोठ्या आकाराच्या डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही. म्हणून त्या साधनाला वेगळा वीजपुरवठा होता. नातू लगेच पुढे सरसावला. “आधी शिखरजीच्या यात्रेचे फोटो काढा.” सूनबाईंनी त्याला थांबवले. “फोटो काढूच. पण टॅली आधी.” त्यांनी कागदावर क्रम लिहून दिला. प्रथम टॅलीच्या विदेचा फोल्डर, मग कराची विवरणपत्रे आणि चलने, मग बँकेची खातेपत्रके, मालमत्तेच्या कागदांच्या प्रती, गिऱ्हाइकांचे पत्ते, त्यानंतर डेस्कटॉपवर साचलेले सटरफटर आणि शेवटी फोटो. जे पुन्हा मिळणार नाही किंवा ज्यावाचून काम अडेल ते पहिले. जे मोठे आहे पण थांबू शकते ते नंतर. टॅलीचा फोल्डर आकाराने लहान असूनही त्याला चाळीस मिनिटे लागली. कागदपत्रे निघाली. यात्रेचे बरेचसे फोटो निघाले. दुपारी तीनच्या सुमारास डिस्कचा आवाज वाढला आणि मग तो कायमचा थांबला. सूनबाईंच्या यादीतील शेवटच्या दोन ओळी राहून गेल्या.

संध्याकाळी काढलेली प्रत कर सल्लागारांच्या कार्यालयात उघडून पाहिली, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. मागील वर्षांचे हिशेब व्यवस्थित उघडले. चालू वर्षाचा उघडेना. डिस्कचा जो भाग सर्वाधिक वापरात होता, तोच सर्वाधिक खराब झाला होता आणि त्यातील एखादी फाइल अर्धीच उतरली होती. टॅलीत दुरुस्तीची सोय असते. तीही करून पाहिली, पण उपयोग झाला नाही. प्रत निघाली म्हणजे ठेव मिळाली असे नव्हे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. प्रत उघडून, आकडे वाचून, बाकी जुळवून पाहिल्याखेरीज ती प्रत मानू नये.

मग सूनबाईंनी कपाटातून एक पेन ड्राइव्ह काढला. त्या गावची बाजारपेठ अमावास्येला बंद असते. त्या दिवशी दुकानाची झाडलोट झाल्यावर टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायचा, अशी सवय त्यांनी लावून घेतली होती. शेवटची अमावास्या बारा दिवसांपूर्वी होऊन गेली होती. म्हणजे मागच्या महिन्याचे सगळे व्यवहार त्यात होते. हरवले होते ते बारा दिवस. बिलांच्या दुसऱ्या प्रती फायलीत तारीखवार लावलेल्या होत्या, खरेदीची बिले सुईदोऱ्यात ओवलेली होती, बँकेचे खातेपत्रक ऑनलाइन उपलब्ध होते. तीन दुपारी बसून त्यांनी ते बारा दिवस पुन्हा लिहून काढले.

ज्या घरात असा पेन ड्राइव्ह नसतो, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. विदा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळा असतात. त्या धूळविरहित खोलीत डिस्क उघडतात आणि त्यांचे मोल नव्या डिस्कच्या कित्येक पट असते. यशाची हमी तेथेही नसते. हा मार्ग पत्करायचा असेल, तर डिस्क घरी उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दुसरा मार्ग म्हणजे वर्षभराचे हिशेब कागदांवरून पुन्हा उभे करणे. तिसरी पळवाट नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तके आणि नोंदी त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात. कंपनी असेल तर कंपनी कायद्याने हा काळ आठ आर्थिक वर्षांचा आहे. ‘डिस्क बिघडली’ हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही. दुकानाला आग लागली तर पंचनामा होतो; डिस्क मात्र कोणालाही न सांगता जाते.

आता नव्या डिस्कविषयी. १५ तारखेला तरुणाने दोन पर्याय सांगितले. पहिला, जुन्यासारखीच फिरणाऱ्या चकतीची डिस्क, दुसरा, एसएसडी. एसएसडीत फिरणारे काही नसते. विदा विद्युत् स्वरूपात चिपांमध्ये साठते. त्यामुळे ती धक्क्याने सहसा बिघडत नाही, आवाज करत नाही आणि तिच्यामुळे सहा वर्षांचा संगणकही नवा घेतल्यासारखा चपळ होतो. घरच्या व दुकानाच्या हिशेबाला ५०० जीबी पुष्कळ झाले. थोरले चिरंजीव नवा संगणकच घेण्याच्या विचारात होते. पण प्रोसेसर, पडदा, वीजपुरवठा सारे धडधाकट असताना एका भागासाठी संपूर्ण पेटी मोडीत काढणे अण्णांना रुचले नाही. जे चालते ते टाकून नवे आणणे हाही परिग्रहच, अशी त्यांची साधी समजूत. या वेळी ती हिशेबालाही धरून होती.

एसएसडीचा एक अवगुण मात्र सांगितलाच पाहिजे. जुनी डिस्क पुष्कळदा कुरकुरून, आवाज करून सूचना देते. एसएसडी बंद पडते तेव्हा पुष्कळदा काहीच न कळवता पडते आणि तिच्यातील विदा परत काढणे अधिक कठीण असते. शिवाय वीज न देता ती वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली, तर तिच्यातील नोंदी क्षीण होऊ शकतात. म्हणून रोजच्या कामाला एसएसडी आणि बॅकअप ठेवण्याला फिरणाऱ्या चकतीची बाहेरची डिस्क, ही विभागणी शहाणपणाची.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम वाटते तेवढे अवघड नाही. वीज बंद करून वायर काढावी, बटण काही क्षण दाबून ठेवावे म्हणजे उरलेला विद्युत्भार निघून जातो. पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिरविद्युत् उतरवावी. मग नवी डिस्क जागेवर बसवून एक विदेची आणि एक विजेची अशा दोन वायरी जोडाव्यात. जुनी डिस्क अजून चालू असली, तरी नवी विंडोज टाकताना तिची वायर काढूनच ठेवावी. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना पडद्यावर त्यांची नावे सारखीच दिसतात, आणि चुकीच्या डिस्कवर ‘पुसा’ म्हटल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

विंडोज टाकण्यासाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लागतो. दुसऱ्या संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन तेथील साधनाने तो तयार करता येतो. त्यावर आधी असलेले सारे पुसले जाते, हे विसरू नये. येथे तरुणाने खिशातून आपलाच पेन ड्राइव्ह काढला होता. “यात विंडोज आहे, चावीसकट. पैसे लागत नाहीत.” अण्णांनी विचारले, “ही चावी कुणाची?” तरुण हसला. अण्णा हसले नाहीत. अचौर्य हे अणुव्रत केवळ दुसऱ्याच्या गल्ल्यापुरते नसते. आणि व्रताचा विचार बाजूला ठेवला, तरी कुलूप तोडून आणलेल्या विंडोजसोबत आणखी कोण घरात शिरले, हे कोणी सांगू शकत नाही. त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार व्हायचे असतात.

गंमत अशी की चोरीच्या चावीची गरजच नव्हती. संगणक घेताना अधिकृत विंडोज १० आलेली होती. तिचा परवाना डिस्कशी नव्हे, तर संगणकाच्या मदरबोर्डशी निगडित असतो. स्थापनेच्या वेळी ‘चावी नाही’ हा पर्याय निवडून पूर्वीचीच आवृत्ती, होम असेल तर होम, टाकली की इंटरनेट जोडल्यावर परवाना आपोआप ओळखला जातो. तोच परवाना विंडोज ११ लाही चालतो, आणि या घराने विंडोज ११ च टाकली. कारण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून सर्वांना मिळणारी विनामूल्य सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, मान्य यादीतील प्रोसेसर, ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा लागते. या संगणकात टीपीएम होते, पण बंद अवस्थेत. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करताच अडचण दूर झाली. फार जुन्या संगणकांना मात्र हा दरवाजा बंद असतो, आणि अशा वेळी तरी निदान बँकेचे व दुकानाचे काम त्यावर ठेवू नये.

नवीन लॅपटॉप असलेल्या घरांसाठी एक सूचना. त्यांपैकी अनेकांत डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. अशी डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर ती ४८ अंकी चावी मागते. ही चावी बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. लॅपटॉप सुरळीत चालू असतानाच ती कागदावर उतरवून दस्तऐवजांसोबत ठेवावी.

विंडोज आली, प्रिंटर जोडला गेला. टॅलीने मात्र काम अडवले. टॅलीचा परवाना त्या-त्या संगणकापुरता असतो. डिस्क शाबूत असताना बदलायची असेल, तर आधी परवाना ‘सरेंडर’ करावा आणि नव्या डिस्कवर तो पुन्हा चालू करावा. येथे डिस्कच गेल्यामुळे परवाना टॅलीच्या संकेतस्थळावरून मोकळा करून घ्यावा लागणार होता, आणि त्यासाठी नोंदणीचा ई-मेल हवा होता. तो ई-मेल निघाला आठ वर्षांपूर्वी टॅली विकून गेलेल्या विक्रेत्याचा. त्याचा शोध घेण्यात, त्याला फोन करण्यात आणि खाते घराच्या ई-मेलवर वळवून घेण्यात १६ तारीख संपूर्ण गेली. वाचकांनी आपल्या परवान्याच्या नोंदीत कोणाचा ई-मेल आहे हे आजच पाहावे. दुकान आपले, हिशेब आपले आणि किल्ली परक्याच्या जानव्याला, अशी ही अवस्था बऱ्याच पेढ्यांत असते. डिजिटल सहीचे टोकन मात्र निर्धास्त होते. त्यातील गुप्त चावी टोकनमध्येच असते, डिस्कवर नसते. त्याचे ड्रायव्हर तेवढे पुन्हा टाकावे लागले.

१८ तारखेच्या रात्री सूनबाईंनी बारा दिवसांच्या नोंदी पूर्ण केल्या. रोकड बाकी वहीतील हातच्या नोंदीशी जुळली. बँकेची बाकी खातेपत्रकाशी जुळली. येण्याच्या यादीत एका गिऱ्हाइकाचे ९४० रुपये कमी दिसत होते. ते एका बिलाच्या पाठीमागे चिकटलेल्या दुसऱ्या बिलात सापडले. १९ तारखेला विवरणपत्र गेले. दंड नाही, व्याज नाही.

यादीतील ज्या दोन ओळी राहून गेल्या होत्या, त्यांपैकी एक नातवाच्या फोल्डरची होती. त्या फोल्डरमध्ये तीन मिनिटांचे एक ध्वनिमुद्रण होते. दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आजींनी दशलक्षण पर्वात म्हटलेले स्तवन नातवाने आपल्या जुन्या फोनवर मुद्रित केले होते आणि तो फोन विकताना संगणकावर उतरवून ठेवले होते. त्याची आठवण सर्वांना विवरणपत्र गेल्यानंतर झाली. नातू काही बोलला नाही. अण्णाही बोलले नाहीत. एवढेच झाले की रात्रीच्या जेवणाआधी, सूर्यास्तापूर्वीच्या त्या घाईत, अण्णांनी अर्धी भाकरी पानात तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला दिलेल्या कन्येचा फोन आला. बोलण्याच्या ओघात सूनबाईंनी घडलेले सांगितले. ती म्हणाली, “वहिनी, आईचं स्तवन ना? माझ्याकडे आहे की! तेव्हाच त्याने मला पाठवलं होतं. मी ते वेगळं ठेवलंय.” पाच मिनिटांत ते आले. नव्या संगणकावर अण्णांनी ते दोनदा ऐकले.

विचार करता या घराला तारणारी दोनही साधने एकाच जातीची होती. हिशेब वाचला तो कपाटातील पेन ड्राइव्हमुळे. आवाज वाचला तो दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या हाती असलेल्या प्रतीमुळे. जाणकार याचा एक सोपा नियम सांगतात. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. बँकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे विभागून असतात आणि त्यांचा दुसरा जोड त्याच शाखेत न ठेवता अन्यत्र, दुसऱ्या शाखेकडे सुरक्षित सोपवलेला असतो. शाखेला आग लागली, तर किल्लीही तीतच जाऊ नये, हा त्यामागील विचार.

जैन समाजाला तर हा धडा शास्त्रांच्या इतिहासानेच दिला आहे. गिरनारच्या गुंफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना श्रुतज्ञान स्मरणातून लोप पावेल अशी चिंता वाटली. त्यांनी पुष्पदन्त आणि भूतबली या दोन मुनींना ते ज्ञान दिले आणि त्यांच्याकडून षट्खंडागम ग्रंथरूप झाला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी त्याचेच स्मरण आहे. पुढे या ग्रंथावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारातील ताडपत्रांवर राहिली. तेथील श्रावकांनी ती प्राणापलीकडे जपली, यात संशय नाही. परंतु वाळवीची एक वाट किंवा आगीची एक ठिणगी पुरेशी होती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी नकला करवून घेण्याचा ध्यास घेतला, त्या कामाला वर्षे लागली, आणि अखेर १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला भाग अमरावतीहून छापून निघाला. मूळ प्रतीवरील भक्तीने ग्रंथ जपला गेला. दुसऱ्या प्रतीने तो निर्भय झाला. शास्त्रदानाची महती पूर्वजांनी एवढी का गायिली, हे यावरून उमगते.

मृत डिस्कचे काय करावे, हा प्रश्न शेवटी उरतो. भंगारवाला तिचे दहा-वीस रुपये देईल. तिच्यात मात्र पॅन क्रमांक, बँकेची पत्रके, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि उधारीच्या नोंदी असतात. नुसते फॉरमॅट केल्याने मजकूर पुसला जात नाही. वहीची अनुक्रमणिका फाडावी आणि पाने तशीच राहावीत, तसे ते असते. चालू डिस्क विकायची किंवा दान द्यायची असेल, तर तिच्यावरील प्रत्येक जागेवर नवे लिखाण करून मगच ती द्यावी. बंद पडलेल्या डिस्कवर ते शक्य नसते. तिच्या चकत्यांना गिरमिटाने भोके पाडून ती अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा उद्देशही हाच, की असे साहित्य उकिरड्यावर जाऊन माती-पाण्याला आणि त्यातील जीवांना बाधू नये. या घरी सुताराला बोलावून अण्णांनी समोर उभे राहून तीन भोके पाडून घेतली.

आता त्या घरात बॅकअपसाठी अमावास्येची वाट पाहिली जात नाही. सूनबाईंनी दिवस ठरवले आहेत ते अष्टमी आणि चतुर्दशीचे. एकाशन वा उपवासामुळे त्या दिवशी स्वयंपाकघराला थोडी उसंत असते आणि तिथी कोणी विसरत नाही. महिन्यातून चार वेळा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर उतरतो, डिस्क लगेच काढून कपाटात जाते. चतुर्दशीची एक प्रत इचलकरंजीला कन्येकडे जाते. वर्षातून दोनदा तिच्याकडची प्रत उघडून रोकड बाकी वाचली जाते आणि फोनवर इकडच्या बाकीशी ताडून पाहिली जाते.

येत्या दीपावलीत पेटीवर पुन्हा स्वस्तिक रेखाटले जाईल. त्या दिवशी वाचकांनीही आपल्या घरच्या पेटीला गंध लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. ही आज रात्री बंद पडली, तर उद्या सकाळी दुसरी प्रत कोणत्या कपाटातून, कोणत्या गावाहून येईल? उत्तर चटकन देता आले, तर पूजा सफल झाली असे समजावे. देता आले नाही, तर पुढच्या अष्टमीपर्यंत फार दिवस नसतात.